नातेपुते–शिंगणापूर परिसर : अभ्याससाहित्य

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील नातेपुते व लगतच्या सातारा जिल्ह्यातील शिखर शिंगणापूर यांचा परिसर नीरा व माण या नद्यांच्या दरम्यान पसरलेला आहे. पर्जन्यछायेच्या या मुलखात शेतीबरोबर मेंढपाळीला पूर्वापार महत्त्व असल्याने येथील इतिहासाची बरीचशी साधने दप्तरांत नसून धनगरांच्या ओव्यांत आणि यात्रांच्या विधींत आढळतात.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील सोलापूर (१८८४) व सातारा (१८८५) हे खंड प्राथमिक माहितीसाठी पुरेसे आहेत. परंतु त्यांची दृष्टी महसुली आहे.

परिसराचे खरे आकलन गुंथर सोन्थायमर (१९३४–९२) यांच्या बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील जर्मन ग्रंथाने (१९७६) होते. त्याचे अॅन फेल्डहाउस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. धनगरांकडून प्रत्यक्ष ऐकलेल्या ओव्या व कथा सोन्थायमर यांनी पुरावा म्हणून स्वीकारल्या आणि रानातील मेंढपाळांचे देव गावात कसे स्थिरावले, हे दाखविले. प्रारंभ याच ग्रंथापासून करणे इष्ट होय.

रा. चिं. ढेरे यांचे श्रीविठ्ठल : एक महासमन्वय (१९८४) त्याला पूरक असून त्यात विठ्ठलाचे मूळ गोपजनांच्या दैवतात शोधले आहे. शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव या त्यांच्या ग्रंथात भोसले कुळाचा संबंध सोरटूरहून आलेल्या बळियप्पा या होयसळवंशीय पुरुषाशी जोडला आहे. हे मत सिसोदिया वंशाच्या परंपरेस छेद देते. शंभुमहादेव हे भोसल्यांचे कुलदैवत असल्याने त्याचे महत्त्व मोठे आहे. मात्र दुवे जोडताना दैवतकथांवर बराच भर असल्यामुळे ते सिद्धांत म्हणून नव्हे, तर उपपत्ती म्हणून वाचावे.

चैत्रातील शिंगणापूर यात्रेत सासवडची भुतोजी तेल्याची कावड मुंगी घाटाने शिखरावर चढते. अशा कावडींमुळे दूरदूरची गावे एका क्षेत्राशी कशी जोडली जातात, याचा विचार फेल्डहाउस यांच्या २००३ मधील ग्रंथात आहे. याउलट आषाढीची वाट पंढरपूरकडे जाते. ज्ञानेश्वरांची पालखी बरडहून नातेपुत्यास मुक्कामी येते व पुढे माळशिरसला जाते. या वाटचालीसाठी इरावती कर्वे यांचा १९६२ मधील इंग्रजी लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे पालखी (१९६४) वाचावे. मोकाशी स्वतः १९६१ मध्ये पालखीबरोबर चालले होते.