चुंबकीय फितीची गती आणि अभिलेखरक्षण : एक ऐतिहासिक विवेचन (विशेष संदर्भ : जालना जिल्हा)

प्रस्तावना :

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून जालना जिल्हा अस्तित्वात आला. साहजिकच या जिल्ह्याची जुनी महसुली कागदपत्रे एकाच दप्तरात वाढलेली नाहीत. निजामकालीन उर्दू कागद, मोडीतील नोंदी, १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक असे त्यांचे स्वरूप आहे. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमण्यात आली व मराठवाड्यातील दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. एका ओळीच्या नोंदीवर एका कुटुंबाचा दाखला अवलंबून असू शकतो, ही गोष्ट तेव्हा सर्वांच्याच प्रत्ययास आली. असे कागद छायांकित होऊन संगणकात गेले, तरी रक्षणाचा प्रश्न सुटत नाही. तो केवळ जागा बदलतो. संगणकातील प्रतीचीही प्रत हवी असते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चुंबकीय फितीविषयी, आणि विशेषतः तिच्या संथपणाच्या तक्रारीविषयी, प्रस्तुत लेखात विवेचन केले आहे.

फितीच्या गतीचा पूर्वेतिहास :

फीत संथ असते, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. १९५२ मध्ये आयबीएम कंपनीने ७०१ या संगणकाबरोबर ७२६ हे फीतयंत्र आणले. त्याची फीत सेकंदास ७५ इंच धावे व प्रत्येक इंचात १०० अक्षरे मावत. म्हणजे सेकंदास ७,५०० अक्षरे. त्या काळात हा वेग मोठाच होता. अडचण वेगाची नव्हती, थांबण्याची होती. फितीची जड रिळे क्षणात थांबवणे व क्षणात पळवणे शक्य नव्हते. म्हणून निर्वात स्तंभांत फितीचा सैल झोळ ठेवण्याची युक्ती योजण्यात आली. पुढील साठ-सत्तर वर्षांचा इतिहास या एकाच अडचणीभोवती फिरतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

२००० साली आयबीएम, एचपी व सीगेट यांच्या सहकार्यातून एलटीओ ही फितीची प्रणाली आली. तिसऱ्या पिढीत (२००५) तिचा वेग सेकंदास ८० मेगाबाइट, तर पाचव्या पिढीत (२०१०) १४० मेगाबाइट झाला. यंत्राला पुरवठा करणारे मार्ग मात्र त्या प्रमाणात रुंदावले नाहीत. १०० मेगाबिट क्षमतेच्या जाळ्यातून सेकंदास फार तर १२ मेगाबाइट माहिती येते. एलटीओ यंत्र काही मर्यादेपर्यंत आपली चाल मंदावू शकते. पुरवठा त्याहून कमी झाला की ते थांबते, फीत मागे नेते, जागा शोधते व पुन्हा धावू लागते. बुटाला पॉलिश करताना फडके जसे मागेपुढे फिरते, तशी ही हालचाल असल्याने तिला ‘शू-शायनिंग’ हे नाव पडले. तीत वेळ जातो आणि फीतही झिजते.

दोषाचा शोध :

लिनक्स सर्व्हरवर या कामी आजही वापरली जाणारी ‘टार’ ही आज्ञा १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीत आली. तिचे नावच ‘टेप अर्काइव्ह’ यावरून पडले आहे. तिचा मूळ लेखनखंड ५१२ बाइटच्या वीस तुकड्यांचा, म्हणजे अवघा १०,२४० बाइटचा असतो. आधुनिक यंत्रासाठी तो २५६ किलोबाइटपर्यंत वाढवणे हा पहिला उपाय होय. परंतु खरे कारण बहुधा अन्यत्र सापडते. समजा, प्रत्येकी ४०० किलोबाइटच्या ५० लाख छायांकित पानांचा दोन टेराबाइटचा संग्रह आहे. प्रत्येक पान शोधण्यात चकतीचे ३० मिलिसेकंद व वाचण्यात ४ मिलिसेकंद गेले, तर वेग सेकंदास सुमारे १२ मेगाबाइटच राहतो. अखंड वाचनाने सुमारे साडेपाच तासांत होणारे काम सुमारे ४७ तासांवर जाते. येथे फीत निर्दोष असते. वेळ जातो तो सुटे सुटे कागद गोळा करण्यात. जुन्या दप्तरखान्यात नक्कल काढणाऱ्या कारकुनाचा वेळही लिहिण्यापेक्षा रुमाल सोडण्या-बांधण्यातच अधिक जात असावा.

म्हणून वाचन व लेखन यांची गती वेगवेगळी मोजणे अगत्याचे ठरते. यातही दोन फसगती आहेत. नुसती शून्ये लिहून फितीची चाचणी घेतल्यास यंत्र त्यांचे संकोचन करते व वेग खोटा फुगतो. दुसरे असे की, ‘डेव्ह-नल’ या शून्य उपकरणाकडे संग्रह पाठवला तर ग्नू टार ते ओळखून फाइलींचा मजकूर वाचतच नाही. वाचन विलक्षण जलद झाल्याचा भास होतो. मध्ये ‘कॅट’ आज्ञेची नळी जोडली की खरा आकडा कळतो. जेपेग स्वरूपातील पाने मुळातच संकुचित असल्याने खोक्यावर छापलेली दुप्पट क्षमताही प्रत्यक्षात मिळत नाही.

या प्रश्नाचे एक समाधानकारक उत्तर विद्यापीठातून आले, ही बाब अध्यापकवर्गाने ध्यानात घ्यावी अशी आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘अमांडा’ ही प्रणाली विकसित झाली. निरनिराळ्या संगणकांवरून सावकाश येणारी माहिती आधी एका राखीव चकतीवर साठवायची व नंतर एकसलग फितीवर उतरवायची, ही तिची रीत. निर्वात स्तंभातील झोळाचेच हे मोठे रूप होय. लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयासही एक जादा चकती घेऊन ती अवलंबता येते.

गती साधल्यानंतर वाचनाचा प्रश्न उरतो. वाढवलेला लेखनखंड फितीच्या वेष्टनावर नोंदवला नाही, तर पुढील व्यक्तीपुढे मोडी न जाणणाऱ्या वाचकासारखी अडचण उभी राहते. शिवाय सातव्या पिढीपर्यंतची एलटीओ यंत्रे दोन पिढ्या मागची फीत वाचत असत. आठवी केवळ एक पिढी मागे जाते. पाचव्या पिढीच्या फितीवर ठेवलेला संग्रह आठव्या पिढीच्या यंत्रात उघडत नाही, त्यामुळे जुने यंत्र मोडीत काढण्यापूर्वीच तो नव्या फितीवर उतरवून घ्यावा लागतो.