कुरकुर, गाऱ्हाणे आणि फिर्याद

फराळाच्या ताटावर तक्रारीचा विषय काढू नये, असा आमच्या घरचा जुना दंडक आहे. चकली कुरकुरीत हवी, पण ती खाणाऱ्याने कुरकुर करता कामा नये! एकाच नादाने आपण चकलीची वाहवा करतो आणि माणसाची निंदा, ही गंमत लहानपणी ध्यानात आली नव्हती. पुढे शब्दांच्या नादी लागलो आणि कळून चुकले की आपल्या भाषेने गाऱ्हाण्यांची दोन फडताळे केली आहेत. एक स्वयंपाकघरातले. त्यात कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, रडगाणे असा नाना नादांचा माल भरलेला. दुसरे कचेरीतले. तेथे तक्रार, फिर्याद, अर्ज अशी भारदस्त मंडळी बसतात, आणि ही सगळी राज्यकारभाराबरोबर फारसी-अरबीतून आलेली. गंमत अशी, की अरबीत ‘तक्रार’ म्हणजे नुसती पुनरुक्ती, आणि फारसीत ‘फर्याद’ म्हणजे आरोळी. म्हणजे मूळ अर्थ पाहू जाता त्याही भुणभुण आणि बोंबच! पण परदेशी अंगरखा चढवला आणि त्यांना दरबारात मान मिळाला. ‘गाऱ्हाणे’ तेवढे दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर उभे आहे. कोकणात ते थेट ग्रामदेवतेपुढे घालतात आणि देवाला ते ऐकून घ्यावे लागते.

अंगरखा पाहून तक्रार ऐकायची, हा प्रकार एकट्या आपल्याकडचा नव्हे. इंग्रजांच्या घरात डोकावून पाहा. सन १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढली तीनशे वर्षे तेथील दरबाराची व न्यायाची भाषा फ्रेंच राहिली. त्याचा शिक्का आजही इंग्रजीच्या तक्रारींवर आहे. मोन, ग्रोन, व्हाइन हे कण्हण्याचे व कुंथण्याचे शब्द जुन्या सॅक्सन शेतकऱ्यांचे. उलट कम्प्लेंट, ग्रीव्हन्स, पिटिशन, प्लेंटिफ हे फ्रेंचांच्या मार्फत आलेले. आजही इंग्रज माणूस शेजाऱ्याविषयी ‘तो मोन करतो’ म्हणाला की समजावे, ऐकून घेण्याजोगे काही नाही. ‘त्याची ग्रीव्हन्स आहे’ म्हणाला की समजावे, आता कागद पुढे सरकणार.

या स्थितीला खुद्द तिसरा एडवर्ड राजाही कंटाळला असावा. सन १३६२ मध्ये कायदा झाला, की लोकांना फ्रेंच कळत नाही, सबब न्यायालयात बोलणे इंग्रजीत व्हावे. हा कायदा लिहिला कोणत्या भाषेत? फ्रेंचमध्ये!

आता शब्दांच्या पोटात शिरू. ग्रीव्हन्सचे मूळ लॅटिन ‘ग्राविस’, म्हणजे जड, आणि तो आपल्या संस्कृत ‘गुरु’ शब्दाचा सख्खा नातलग. ग्रीव्हन्स म्हणजे उरावरचे ओझे. कम्प्लेनचे मूळ लॅटिन ‘प्लांगेरे’, म्हणजे आघात करणे, आणि त्यावरून ऊर बडवून शोक करणे. आज टपालखात्याला पत्र लिहून आपण ‘कम्प्लेंट’ करतो तेव्हा हा ऊर बडवण्याचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. तो ऐकायचा असेल तर बाल्टिक समुद्राच्या काठी, लिथुआनियाला जावे लागेल.

लिथुआनियन भाषेचे नाव संस्कृतच्या अभ्यासकांना नवे नाही. अग्नीला ‘उग्निस’, पुत्राला म्हणजे सूनूला ‘सूनुस’ म्हणणारी ही भाषा. आउगुस्ट श्लायखर हा जर्मन पंडित १८५२ मध्ये तेथील शेतकऱ्यांची बोली कानांनी ऐकण्यासाठी मुद्दाम गेला आणि परतल्यावर त्याने तिचे व्याकरण लिहिले. लॅटिनमधल्या त्या प्लांगेरेचा भाऊबंद या भाषेत ‘प्लाक्ति’ या रूपाने नांदतो आहे. अर्थ साधा, मारणे, झोडणे. आणि हातोडीला म्हणतात ‘प्लाक्तुकास’. इंग्रजाने ज्या धातूची तक्रार केली, त्याची लिथुआनियन सुताराने हातोडी केली!

रडण्यालाही तेथे ‘रौदोति’ असा शब्द आहे. आपल्या ‘रुदना’तला रुद् तो हाच. जुन्या इंग्रजीतही त्याचे भावंड होते, ‘रेओतान’. ते केव्हाच मरून गेले. लिथुआनियात मात्र ‘रौदा’ म्हणजे मृताशेजारी बसून बायकांनी गायचा शोक. का गेलास, आमच्यात तुला काय उणे पडले, असे त्यात मेलेल्यालाच विचारायचे. आपल्याकडे हेल काढून रडणाऱ्या म्हाताऱ्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको. रौदा हेही गाऱ्हाणेच, पण ज्याच्यापुढे घालायचे तो ऐकायला राहिलेला नसतो.

घरगुती कुरकुरीचे लिथुआनियन शब्दही आपल्याला परके वाटू नयेत. पुटपुटण्याला ‘मुरमेति’, आणि आपल्या पानांची ‘मर्मर’ त्याच कुळातली. इंग्रजांचे मर्मरही तेच. धुसफुसण्याला ‘बाम्बेति’. माशीने गुणगुणावे आणि पोराने पिरपिर करावी, या दोन्ही क्रियांना एकच शब्द. आयांचे अनुभव सर्वत्र सारखेच, दुसरे काय!

पण खरा विचार करायला लावणारा शब्द आहे ‘स्कुंदास’. याचा अर्थ तक्रार. ‘स्कूस्तिस’ म्हणजे आपले दुःख सांगणे, गाऱ्हाणे घालणे. शेवटचा एक ‘स’ गाळला, की ‘स्कूस्ति’ म्हणजे दुसऱ्याविरुद्ध तक्रार करणे, त्याची चहाडी करणे. आणि ‘स्कुंदिकास’ म्हणजे चहाडखोर. आपण गाऱ्हाणे आणि चुगली हे शब्द लांब लांब ठेवले. त्यांच्यात एका अक्षराचे अंतर. हे अंतर पुसले गेले तर काय होते, ते या लहानशा राष्ट्राने विसाव्या शतकात भोगले.

त्यासाठी पुन्हा क्षणभर इंग्लंडात यावे लागेल. सन १६८८ मध्ये सात बिशपांनी दुसऱ्या जेम्स राजाला अर्ज केला, की आपला जाहीरनामा देवळांतून वाचण्याची सक्ती आम्हांवर नसावी. राजाने अर्जालाच राजद्रोही बदनामी ठरवून सातही जणांना टॉवरच्या तुरुंगात टाकले. पंचांनी त्यांना निर्दोष सोडले, वर्षअखेर राजाने पळ काढला, आणि १६८९ च्या हक्कपत्रात लिहिले गेले, की राजाकडे अर्ज करणे हा प्रजेचा हक्क आहे व त्यासाठी कोणाला पकडणे बेकायदा आहे. हक्क अर्ज करण्याचा, तो मान्य होण्याचा नव्हे! सन १८४२ मध्ये मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट कामगारांनी तेहेतीस लाखांहून अधिक सह्यांचा, सहा मैलांहून लांब अर्ज पार्लमेंटकडे नेला. तो दारातून आत जाईना म्हणून त्याचे तुकडे करावे लागले, आणि २८७ विरुद्ध ४९ मतांनी सभागृहाने तो फेटाळला. पण सही केली एवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरला नाही.

सोव्हिएत अमलाखालच्या लिथुआनियात मात्र चहाडीला कचेरीचे दार सताड उघडे होते आणि गाऱ्हाण्याला बंद. शेजाऱ्याविरुद्धची चिठ्ठी पोहोचे. स्वतःच्या दुःखाचा अर्ज वाटेतच अडे. सन १९७२ च्या आरंभी तेथील कॅथलिकांनी १७,०५४ सह्यांचे निवेदन ब्रेझनेव्ह यांच्यासाठी तयार केले आणि ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांच्या हाती पाठवले. आपल्याच राज्यकर्त्याला लिहिलेले पत्र न्यूयॉर्कवरून धाडायची पाळी! त्याच वर्षीच्या मार्चात एक गुप्त नियतकालिक निघू लागले, ‘लिथुआनियाच्या कॅथलिक चर्चचा वृत्तान्त’. त्यात रौदा नव्हती. कोणत्या धर्मगुरूला दंड झाला, कोणत्या शाळेत मुलाला प्रार्थनेवरून हिणवले, एवढेच कोरडे लिहिलेले; गाव, नाव, तारीख. नियोले सादुनाइते ही बाई १९७४ मध्ये पकडली गेली तेव्हा तिच्या टंकलेखन यंत्रात अकराव्या अंकाचा कागद होता. तिला तीन वर्षे छावणी आणि तीन वर्षे हद्दपारी झाली. वृत्तान्त मात्र १९८९ पर्यंत, एक्याऐंशी अंक निघत राहिला. तो लिहिणारांना सरकारच्या लेखी काय म्हणावे? ते तक्रार करत होते खरे, पण ते स्कुंदिकास नव्हते. चहाड सांगणारा आपले नाव लपवतो आणि दुसऱ्याचे देतो. निवेदनावर सही करणाराने आपलेच नाव दिले होते.

क्लाइपेदा या बंदराच्या गावी १९५० नंतरच्या दशकात श्रद्धाळूंनी पैसे गोळा करून, सरकारी परवानगीने, ‘शांतीची राणी’ मेरीचे देऊळ बांधले. बांधून पुरे झाले आणि उघडायच्या आत सरकारने ते ताब्यात घेतले. धर्मगुरूंना तुरुंग, मनोरा जमीनदोस्त, आणि गाभाऱ्याचा संगीतसभागार. लोकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले. सन १९७९ मध्ये एका अर्जावर १,४८,१४९ सह्या झाल्या. साऱ्या देशाची वस्ती तेव्हा पस्तीस लाखांच्या आत. सही म्हणजे नोकरीवर आणि मुलाच्या शिक्षणावर गदा, हे प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणजे दीड लाख माणसांनी कुरकुर घरात ठेवली आणि गाऱ्हाणे बाहेर आणले.

उत्तर यायला वेळ लागला. सन १९८८ मध्ये त्या देवळात पुन्हा प्रार्थना झाली. पाडलेला मनोरा पुढे परत उभारला, आणि आता पाहुणे त्यावर चढून गाव पाहतात.