रक्तातली खूण

आमच्या आप्पांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, तरी घरात एक प्रश्न उरलाच. आता केमो घ्यायची की नाही? शिवाय दर तीन महिन्यांनी रिपोर्टवर 'सीईए' दिसू लागलं. हा आकडा आला कुठून, म्हणून वाचत गेलो...

गोष्ट १९६५ ची, कॅनडातल्या मॉन्ट्रियलची. मॅकगिल विद्यापीठातल्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना आतड्याच्या कर्करोगाच्या गाठीत एक पदार्थ सापडला. त्याच रुग्णाच्या निरोगी आतड्यात तो त्यांना दिसला नाही. गंमत म्हणजे गर्भातल्या बाळाच्या आतड्यात मात्र तो होता! म्हणून नाव पडलं कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन. पुढे तो रक्तातही मोजता येऊ लागला आणि वाटलं, कॅन्सर ओळखणारी रक्तचाचणी मिळाली.

तसं झालं नाही. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये, यकृताच्या आजारातही हा आकडा वाढतो. काही गाठी तो वाढवतच नाहीत. शेवटी सीईएच्या वाट्याला राखणदाराचं काम आलं. ऑपरेशननंतर आकडा उतरावा, पुन्हा चढू लागला तर शोध घ्यावा.

पण केमोचं ठरवायचं असतं त्याच्या आधी. इथे दुसरा धागा येतो. रक्तात डीएनएचे सुटे तुकडे फिरतात, हे मांडेल आणि मेते या दोन फ्रेंच संशोधकांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. त्यातले गाठीचे तुकडे वेगळे ओळखता यायला कित्येक दशकं गेली. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 'डायनॅमिक' चाचणीचे निष्कर्ष आले. दुसऱ्या टप्प्याच्या आतड्याच्या कर्करोगाचे ४५५ रुग्ण. ज्यांचा निर्णय रक्तातल्या डीएनएवरून घेतला, त्यांच्यापैकी १५ टक्क्यांना केमो मिळाली. नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना. दोन वर्षांनी आजार न उलटता जगणारे ९३.५ आणि ९२.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. कितीतरी जणांची केमो टळली, आणि त्यापायी काही बिघडलं नाही.

अर्थात, तुकडा सापडला नाही म्हणजे आजार गेलाच, अशी हमी कोणी देत नाही. आप्पांची ही चाचणी झालीच नाही. गाठीचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी केमो नको म्हटलं आणि आम्ही मान डोलावली.

आप्पांना यातलं काही सांगितलं नाही. रिपोर्ट आला की ते एवढंच विचारतात, "वाढलाय का रे?" मी "नाही" म्हणतो, आणि ते चहा मागतात. पुढचे तीन महिने आमचे.