ध्वनीस करोडगिरी नाही

करमणुकीच्या यंत्रांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक पक्ष प्रत्येक नव्या यंत्राचे देव्हारे माजवितो. दुसरा त्यास संस्कृतीचा वैरी ठरवून मोकळा होतो. ग्रामोफोनच्या वेळी हेच झाले, बोलपटाच्या वेळी हेच झाले, आणि दूरचित्रवाणीच्या वेळीही निराळे काही झाले नाही. आम्ही स्वतः पहिल्या पक्षाकडे झुकणारे आहोत, हे आरंभीच सांगून टाकितो. परंतु आमच्या ह्या आवडीचे कारण यंत्रांच्या चकाकीत नसून इतिहासात आहे. हिंगोलीसारख्या आडवळणाच्या मुलखाची गेली शंभर वर्षे ह्या यंत्रांच्या अंगाने वाचू लागले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. राज्यकर्त्यांनी आखलेल्या सीमा माणसास अडवितात, मालास अडवितात. ध्वनीस मात्र त्या अडवू शकत नाहीत. तथापि बाहेरचा ध्वनी आत येणे ही एक गोष्ट, आणि आतला ध्वनी बाहेर जाणे ही दुसरी. ह्या मुलखाच्या वाट्यास पहिली गोष्ट पुष्कळ आधी आली व दुसरी फार उशिरा.

आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा निघाला. १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या राज्यात होता. उत्तरेस पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल. दोन्ही तीरांवर मराठीच बोलली जाई, तरी नदी ओलांडली की राज्य बदले, नाणे बदले आणि दप्तराची भाषाही बदले. निजामाच्या राज्यात दरबार, कचेरी व न्यायालय येथे उर्दूचा अंमल होता; १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेविले. एका देशी भाषेस विद्यापीठाचे माध्यम करण्याचे ते धाडस स्वतंत्रपणे पाहता स्तुत्यच होते. परंतु मराठी, तेलुगू व कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेस त्याचा लाभ परभाषेच्या दारातूनच घ्यावा लागे. सीमेवरून माल आत आणावयाचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. सभा भरवावयाची तर परवानगी हवी.

अशा बंदोबस्तात जे पहिले बोलके यंत्र ह्या बाजूस आले ते ग्रामोफोन होय. हिंदुस्थानात तबकड्यांवर ध्वनी मुद्रित करण्याचे काम १९०२ साली कलकत्त्यास सुरू झाले. ह्या यंत्राचा खरा गुण असा की त्यास वीज लागत नसे. किल्ली दिली की आतील कमान उलगडू लागे व तबकडी फिरे. वीज येण्यास अजून कित्येक वर्षे अवकाश असलेल्या गावातही ते चालू शके. नाटक मंडळ्यांचे मोठे मुक्काम मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरी होत. परंतु बालगंधर्वांचे पद तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसून आडगावीही जाऊ शकले. तबकडीवर जकात बसे. तिच्यातील मराठीवर ती कशी बसविणार?

रेडिओने तर तबकडीचेही ओझे उरू दिले नाही. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. हैदराबादेत १९३५ साली डेक्कन रेडिओचा आरंभ झाला. त्याचे पहिले यंत्र अवघे २०० वॅट शक्तीचे होते. पुढे निजाम सरकारने औरंगाबादेसही केंद्र काढिले. ह्या रेडिओची मुख्य भाषा अर्थातच उर्दू होती. परंतु रेडिओची कळ कोणत्या केंद्रावर फिरवावयाची हे ऐकणाराच्या बोटांवर असते. मध्यम लहरी रात्री आकाशातील विद्युद्भारित थरांवरून परावृत्त होऊन शेकडो मैलांवर उतरतात. लघुलहरी त्याहूनही दूर जातात. पैनगंगेच्या नाक्यावर त्यांची झडती घेणे कोणासही शक्य नव्हते.

अर्थात ह्याचे अवडंबर माजविण्याचे कारण नाही. १९४७ साली उभ्या हिंदुस्थानात परवानाधारक संच सुमारे पावणेतीन लाख होते. तेव्हा खेड्यांतून त्यांची संख्या किती अल्प असेल हे वाचकांनीच ताडावे. जेथे संच असे तेथेही त्यास जड व महाग बॅटरी लागे. परंतु संच एक असला तरी ऐकणारे एकटे नसत. आणि ऐकलेली बातमी पायी चालत पुढच्या गावी जाई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती जाहीर केली ती रेडिओवरूनच, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. ज्या यंत्राने सत्तेचा शब्द प्रजेस ऐकवावयाचा, त्याच यंत्राने सत्ता संपल्याचा शब्द ऐकविला.

राज्य गेले, परंतु ध्वनीवर पहारा ठेवण्याची हौस राज्याबरोबर गेली नाही. १९५२ साली नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्यांच्याकडे आले. हे विद्वान, अभिजात संगीताचे कैवारी व मराठी गृहस्थ. त्यांनी चित्रपटगीतांस आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. परिणाम काय झाला? त्याच वर्षी सिलोनच्या केंद्रावरून ‘गीतमाला’ सुरू झाली आणि देशातील श्रोत्यांनी कळ सिलोनकडे फिरविली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढून सरकारला श्रोत्यांची समजूत घालावी लागली. जे निजामास साधले नाही ते लोकशाहीतील मंत्र्यासही साधले नाही. ह्याच काळात, १९५५ च्या एप्रिलपासून, पुणे केंद्रावरून गदिमा व सुधीर फडके ह्यांचे ‘गीतरामायण’ आठवड्यास एक याप्रमाणे ऐकू येऊ लागले. तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता. मुंबई राज्यात तो गेला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. मराठवाड्यात ज्या घरी पुणे लागत असेल, त्या घरापुरते भाषेचे राज्य नकाशावरील राज्याच्या दीड वर्ष आधी आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

दूरचित्रवाणीची गोष्ट मात्र वेगळी. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. परंतु दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यांस रेडिओलहरींप्रमाणे आकाशाचा आधार घेता येत नाही. हिंगोली मुंबईपासून सरळ अंतराने सुमारे साडेचारशे किलोमीटर. तेव्हा ह्या यंत्राने प्रथमच मराठवाड्याशी दुजाभाव केला, व तो निव्वळ भूमितीच्या न्यायाने. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २४०० खेड्यांस दूरचित्रवाणी दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात निजामाच्या जुन्या राज्यातील तेलुगू व कानडी मुलूख होता, मराठी नव्हता. पुढे १९८३ साली इन्सॅट-१बी आकाशात गेला, १९८४ पासून लघुशक्तीचे प्रक्षेपक गावोगावी उभे राहिले, आणि चित्र आले. परंतु आरंभी ते मुख्यतः दिल्लीचे व हिंदीतील. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागे तेव्हा रस्ते ओस पडत, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. उर्दूच्या अंमलातून सुटलेल्या मुलखास चाळीस वर्षांनी चलच्चित्र मिळाले, ते पुन्हा दूरच्या राजधानीच्या भाषेत.

ह्यावर काळाने एक मोठा गमतीचा सूड उगविला. २००० साली ई टीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली, आणि तिचे ठाणे होते हैदराबादेस, रामोजी फिल्म सिटीत! ज्या शहराने तीन पिढ्या मराठवाड्यास उर्दूत हुकूम पाठविले, त्याच शहरातून मराठी बातमीपत्र घरोघर येऊ लागले.

तथापि ह्या सर्व इतिहासात हिंगोलीचा मनुष्य कोठे आहे? तो ऐकणारा आहे, पाहणारा आहे. त्याची बोली पडद्यावर आली तर बहुधा हसे पिकविण्यापुरती. ज्या सेनगाव-कळमनुरीकडे बंजारा तांडे आहेत, तेथील गोरबोलीस तर तेवढेही स्थान मिळाले नाही. उर्दूच्या वर्चस्वाबद्दल आम्हां मराठी भाषिकांची तक्रार रास्त होती. परंतु आपले राज्य झाल्यावर शेजारच्या तांड्यातील भाषेस आपण किती घटका दिल्या, हा प्रश्न आम्हांस चुकविता येणार नाही. बाहेरून ध्वनी येतो म्हणून आनंदणाऱ्याने, आपल्या आतील दुर्बळांचा ध्वनी कोणी अडविला, हेही पाहावयास हवे.

म्हणूनच आजच्या खिशातील यंत्रास आम्ही बाकी सर्वांहून वरचे आसन देतो. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि तांड्यावरील मुलगी आपल्या आजीचे गाणे आपल्याच बोलीत मुद्रित करून मुंबईस ऐकवू लागली. ग्रामोफोन, रेडिओ व दूरचित्रवाणी ह्यांनी कान दिले होते. ह्याने प्रथमच तोंड दिले. आक्षेपक म्हणतील की ह्यातून कचरा फार निघतो. निघतो, परंतु तबकड्याही सर्वच बालगंधर्वांच्या नव्हत्या.

धोका आहे तो दुसरीकडे. कोणाचे गाणे कोणाच्या पुढ्यात यावे हे आता परदेशी कंपन्यांची गणिते ठरवितात. निजामाचा नाकेदार निदान डोळ्यांस दिसे. त्याच्याशी हुज्जत घालता येई, रात्री त्यास चुकविताही येई. ह्या नव्या नाक्यावर मनुष्य नाही, फलक नाही, जकातीचे कोष्टक नाही. रेडिओची कळ ऐकणाराच्या बोटांखाली होती, म्हणून निजाम हरला व केसकरही हरले. ती कळ आज पुन्हा आपल्या हाती येणार की नाही, ह्यावर ह्या यंत्राची खरी किंमत ठरेल. पडदा किती रुंद व चित्र किती स्वच्छ, ह्याची चर्चा दुकानदारांनी खुशाल करावी. वाचकांनी मात्र यंत्र विकत घेताना एवढे अवश्य विचारावे, की ह्याची कळ कोणाकडे आहे?