जळगावची घरकुलं, धुळ्याचा निकाल

जळगावात महापालिकेची सतरा मजली इमारत लांबूनच नजरेत भरते. एवढी उंच इमारत उभी करणाऱ्या शहरात गरिबांची घरं मात्र कागदावर राहिली. त्या घरांचा हिशेब अखेर धुळ्याच्या विशेष न्यायालयात झाला.

गोष्ट १९९०च्या दशकातली. तेव्हा जळगावात नगरपालिका होती आणि तिच्यावर सुरेशदादा जैन यांची घट्ट पकड होती. झोपडपट्टीवासीयांसाठी ११ हजारांहून अधिक घरकुलं बांधायची ठरली. कर्ज काढलं, ‘खान्देश बिल्डर्स’ला ठेका दिला. पूर्ण झाली जेमतेम दीड हजार.

पुढे नगरपालिकेची महापालिका झाली. फेब्रुवारी २००६मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. रक्कम होती सुमारे २९ कोटी रुपये. नियम डावलून ठेकेदाराला बिनव्याजी आगाऊ पैसे दिले, हा त्यातला एक मुख्य आरोप.

मग? तीन वर्षांनी, २००९मध्ये, जैन पुन्हा आमदार झाले. त्यांना अटक झाली ती थेट मार्च २०१२मध्ये. २०१४ची विधानसभा निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली आणि वर्षानुवर्षं जिंकत आलेली जागा गमावली. म्हणजे न्यायालयाच्या आधी मतदारांनी निकाल दिला. पण त्याआधी त्याच मतदारांनी गुन्हा दाखल असताना त्यांना निवडूनही दिलं होतं. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी न्यायाधीश सृष्टी नीळकंठ यांनी ४८ जणांना दोषी ठरवलं. जैन यांना सात वर्षांची कैद आणि १०० कोटींचा दंड, तर माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षांची कैद. बातम्यांचे मथळे याच दोन नावांचे झाले.

पण नीट पाहा, खरा धडा ४८ या आकड्यात आहे. दोषींमध्ये तत्कालीन पदाधिकारी होते, नगरसेवकही होते. मोठा नेता एकट्याने पालिका चालवत नाही. सभेत ठराव येतो, कुणी सूचक होतं, कुणी अनुमोदक, बाकीचे हात वर करतात. ‘दादांनी सांगितलं म्हणून’ हे उत्तर गल्लीत चालतं, कोर्टात नाही.

निकालानंतर अपील झालं, उच्च न्यायालयातून जैन यांना जामीनही मिळाला. कायद्याने दिलेला तो हक्कच आहे. पण फिर्यादीपासून शिक्षेपर्यंत तेरा वर्षं गेली. तेव्हा झोपडीत जन्मलेलं मूल तोवर आठवीत पोचलं असेल. दंड कितीही कोटींचा असो, त्या मुलाच्या डोक्यावर छप्पर त्याने येत नाही.

म्हणून आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला एकदा विचारा: मागच्या सभेत तुम्ही कशासाठी हात वर केला होता?