कुर्बानीचं गोश्त वाळवायचंय? मशीनच्या आधी थर्मामीटर घ्या

बकरीद झाली की फ्रिजरमध्ये जागा उरत नाही. वाटे करून, नातेवाईक आणि गरजूंना देऊनही घरात गोश्त शिल्लक राहतं. पूर्वी त्याच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून गच्चीवर दोरीला टांगायचे. आपल्याकडे याला सुखा गोश्त म्हणतात, अरबीत कदीद. महाराष्ट्रातल्या दलित स्वयंपाकात वाळवलेल्या मांसाला चान्या म्हणतात. पाकिटातून मिळणारी ‘जर्की’ही याच कुळातली. हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या ‘चार्की’वरून आला आहे.

पण सुखा गोश्त आणि जर्की यांत एक मोठा फरक आहे. सुखा गोश्त आपण पुन्हा शिजवतो. कालवणात टाकतो किंवा तळतो. जर्की मात्र डब्यातून काढून तशीच खातात. म्हणून जर्कीसाठी सामान निवडताना पहिला प्रश्न ‘किती ट्रे आहेत?’ हा नाही. ‘किती तापमान मिळतं?’ हा आहे.

७१ अंशांचा हिशोब

कच्च्या मांसात साल्मोनेला, ई-कोलाय असे जंतू असू शकतात. नुसतं वाळल्याने ते मरतीलच असं नाही. उलट मांस कोरडं झाल्यावर काही जंतू उष्णतेला जास्त टिकाव धरतात. म्हणून अमेरिकेच्या कृषी विभागाची शिफारस अशी आहे: बकरा, म्हैस यांचं मांस आधी आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस गरम करायचं (कोंबडीचं ७४ अंश), आणि मग ५४ ते ६० अंशांवर वाळवायचं. मराठवाड्यातलं मे महिन्यातलं ऊनसुद्धा ४२-४४ अंशांचं. त्या उन्हात वाळलेलं गोश्त शिजवूनच खावं. लहान मुलं, वयस्कर माणसं आणि गरोदर बायका असलेल्या घरात तर याबाबत अजिबात तडजोड नको.

काय घ्यावं?

*डिजिटल प्रोब थर्मामीटर.* सुईसारखं टोक असलेलं घ्या. ताप मोजायचं चालणार नाही. पातळ पट्टी सुईभोवती गुंडाळून धरली की आतलं तापमान कळतं. मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका; तो हवेचा असतो, मांसाचा नव्हे.

*डिहायड्रेटर.* बाजारात फळं-भाज्यांसाठीची स्वस्त मशीन असतात, त्यांना फक्त चालू-बंदचं बटण असतं. ती मांसासाठी घेऊ नका. तापमान कमी-जास्त करता येणारं, निदान ६० अंशांपर्यंत जाणारं आणि पंखा असलेलं हवं. पंखा खाली असलेल्या मशीनमध्ये ट्रे एकावर एक बसतात. खालचे लवकर वाळतात, त्यामुळे मधूनमधून जागा बदलावी लागते. पंखा मागच्या बाजूला असेल तर हवा सगळ्या ट्रेंना साधारण सारखी लागते. जाळी स्टीलची असेल तर धुवायला सोपी आणि वास धरत नाही. विजेचा हिशोबही बघा: ५०० वॅटचं मशीन सतत ६ तास चाललं तर जास्तीत जास्त ३ युनिट.

*ओटीजी.* घरात असेल तर वापरता येतो, पण बऱ्याच ओटीजींचं बटण १०० अंशांपासून सुरू होतं. एवढ्या आचेवर पट्टी बाहेरून कडक होते आणि आत ओलावा अडकतो. मात्र डिहायड्रेटरमधून काढलेल्या पट्ट्यांना शेवटी १३५ अंशांवर १० मिनिटं गरम करायला तो उत्तम. आधी गरम करायचं राहून गेलं असेल तर ही पद्धत कामी येते.

*एअर फ्रायर.* वाळवण्याची सोय असलेलंच मॉडेल चालेल. टोपली लहान असल्याने एका वेळी थोडंच गोश्त बसतं.

*सुरी आणि वजनकाटा.* चरबी वाळत नाही, तिला खवट वास येतो. म्हणून ती आधी काढून टाका. गोश्त तासभर फ्रिजरमध्ये घट्ट केलं की सारख्या पट्ट्या निघतात. जाडी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. वजनकाट्याने मीठ-मसाल्याचं प्रमाण चुकत नाही. १ किलो गोश्ताची साधारण पाव किलो ते ३५० ग्रॅम जर्की होते.

झाली की नाही?

गार झालेली पट्टी वाकवून बघा. तिला तडा जायला हवा, पण तुकडा पडायला नको. मग हवाबंद काचेच्या बरणीत भरा. दुसऱ्या दिवशी काचेवर आतून दव दिसलं तर पुन्हा वाळवा. नीट केलेली जर्की बाहेर १ ते २ महिने टिकते. कोकणासारख्या दमट हवेत किंवा पावसाळ्यात मात्र फ्रिजमध्येच ठेवा.

बकरीद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते. २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. म्हणजे आता ती पावसाळ्यातून कडक उन्हाळ्याकडे सरकते आहे, आणि गच्चीवरची दोरी पुन्हा आठवणार. जरूर टांगा, वर मच्छरदाणीची जाळी लावा. पण ते गोश्त हंडीत शिजवायचं. मुलांच्या डब्यात तसंच द्यायचं असेल तर आधी ७१ अंश, मग वाळवण. बजेट कमी असेल तर मशीन पुढच्या वर्षी घ्या, थर्मामीटर आजच घ्या. रोजच्या चिकनलाही तो उपयोगी पडेल.