ख्रिस्तपुराण आणि १६८४ चा हुकूम : गोव्यातील चर्चशाळांची भाषा

पोर्तुगीज गोव्यातील कॅथलिक शिक्षणाचा विषय निघाला की आपल्यासमोर दोनच चित्रे उभी राहतात : ग्रंथ जाळणारे पाद्री, नाहीतर ज्ञानदान करणारे पाद्री. साधने वाचू लागलो की दोन्ही एकाच चर्चशाळेत भेटतात.

स्थळ सासष्टी. रविवारची दुपार, धर्मशिक्षणाचा वर्ग नुकताच संपलेला. एक भाविक पाद्रीला विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? हा प्रसंग फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वतःच ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी नोंदवला आहे. बंदी घालणाऱ्यांच्याच ग्रंथात बंदीची तक्रार! उत्तरादाखल या इंग्रज जेझुइटाने सुमारे ११,००० ओव्यांचे मराठी पुराण रचले. १६१६ मध्ये ते राशोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. नागरी खिळे हाताशी नव्हते.

त्याआधी, १६०६ च्या धर्मपरिषदेने स्थानिक भाषा न येणाऱ्या पाद्रीकडे चर्च सोपवू नये असे ठरवले होते. म्हणजे शिष्याआधी गुरूनेच भाषा शिकायची.

आणि मग २७ जून १६८४. विजरई कोंदे द आल्व्होर याने फर्मावले : लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, पाद्री व शाळामास्तरांनी मुलांना तीच शिकवावी. सहाच महिन्यांपूर्वी संभाजी महाराजांच्या फौजांनी सासष्टी-बार्देशात जेरीस आणलेला हाच तो विजरई. हुकुमामागे फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा आग्रह होता, हे कुन्या रिव्हारा यांच्या १८५८ च्या निबंधापासून सांगितले जाते. माझ्या मते या घाईत त्या स्वारीचा धसकाही मिसळलेला आहे.

पण तीन वर्षांत भाषा कुठे जाते? १७४५ मध्ये आर्चबिशपांना पोर्तुगीज न येणाऱ्यांचे विवाहच रोखण्याचा आदेश काढावा लागला. (त्याच चर्चशाळांत मुले स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत होती, मुंबईच्या चित्रपटसंगीतातील गोमंतकीय वादकांची परंपरा थेट तिथवर पोहोचते.)

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोवा सोडून कानडा मुलखात स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती जपली, आणि त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरात तो पुन्हा छापला.